खिळ्यावरचं पदक

नक्कलकाकांचं खरं नाव काय, हे आता फक्त त्यांच्या बायकोला आणि वीजबिलाला ठाऊक होतं. बाकी अख्खी गल्ली त्यांना नक्कलकाका म्हणायची, आणि त्यात गल्लीचा काडीचाही दोष नव्हता. माणूस उठता-बसता "नक्कल!" म्हणायला लागल्यावर लोकांनी त्याला दुसरं काय म्हणायचं? शेजाऱ्यांनी स्वयंपाकघरात नवा संगमरवरी ओटा घातला आणि कौतुकाने चार घरं बोलावली. काकांनी ओट्याला टिचकी मारली, कान लावला आणि त्यांच्याच घरचं सरबत पीत सगळ्यांसमोर म्हणाले, "नक्कल." दातांच्या डॉक्टरांच्या बायकोचे मोती असेच गेले. एका शोकसभेत तर पुढच्या रांगेतल्या बाईंचे हुंदके ऐकून ते बायकोच्या कानात म्हणाले, "नक्कल." कानातच म्हणाले, पण काकांचं कानातलं बोलणं मागच्या दारापर्यंत पोचतं. त्या दिवसापासून बायको त्यांच्यासोबत शोकसभेला जात नाही.

धंदा मात्र याच एका शब्दावर चालायचा. सैनिकांची जुनी पदकं जमवणारे शौकीन लोक असतात. पदक हातात आलं की ते अस्सल आहे का कोणीतरी बनवून काळं करून विकलंय, हे त्यांना कोणालातरी विचारावं लागतं. तो कोणीतरी म्हणजे नक्कलकाका. त्यांचे वडील लष्करी गणवेश शिवणारे शिंपी होते. त्यामुळे पोराने अक्षरं गिरवायच्या आधी पदकांच्या फितींचे रंग पाठ केले, आणि वडिलांच्या हाताखाली छातीवरच्या फिती टाचता टाचता त्याला खरंखोटं कळायला लागलं.

घड्याळजीच्या दुकानावरची एक खोली, तिच्यात एक जाड लाकडी टेबल, तराजू, लोहचुंबक, बुटाच्या नाडीने गळ्यात अडकवलेलं भिंग आणि एक जांभळा दिवा, एवढा त्यांचा संसार. वर यायला जिना असा उभा होता की गिऱ्हाईक आधी नुसतं धापा टाकायचं. मग काका कामाला लागायचे. आधी वजन, मग चुंबक. मग कडा, कारण अस्सल पदक ठशाखाली दाबून काढतात आणि त्याचे काठ ताठ असतात, तर साच्यात ओतलेल्या नकलेच्या अंगावर घामोळ्यासारख्या बारीक पुटकुळ्या दिसतात. मग जांभळ्या दिव्याखाली फीत. जुना धागा त्या उजेडात गप्प पडून राहतो, नवा धागा निळा चमकून चुगली करतो. मग कडेवरचं सैनिकाचं नाव, ठोकलेलं आहे की कोरलेलं. आणि सगळ्यात शेवटी झीज. झिजेवर काकांचा फार जीव. बनावट करणारे लोक पदक कागदाने सगळीकडून सारखं घासतात. खरं पदक कुठेतरीच झिजतं, जिथे सदऱ्याला लागतं तिथे, जिथे माणसाचा अंगठा फिरतो तिथे. "झीज बाजारात मिळत नाही, साहेब," ते गिऱ्हाइकाला सांगायचे, "ती अंगावर वागवावी लागते."

आणि हे सगळं सुरू करण्याआधी एक प्रयोग व्हायचा. भिंतीवर एका खिळ्याला एक पांढुरकं, जाडसर, ओंगळ पदक टांगलेलं होतं. काका ते काढून टेबलावर कडेवर आपटायचे. थद्द! "ऐकलंत? हा आवाज नकलेचा. रंग बघा, भांड्यासारखा. नक्षी बघा, बुजलेली. कडेला ही खाच बघा, कुठेतरी पडलं आणि दुमडलं. याहून टुकार नक्कल मी जन्मात पाहिली नाही. हिला आधी हातात घ्या म्हणजे पुढे फसणार नाही." गिऱ्हाईक आदराने अंगठा फिरवायचं. मग काका आपला पहिला नियम सांगायचे, "पहिल्या नजरेवर कधी जाऊ नका. कितीही उघड दिसलं तरी भिंग लावल्याशिवाय बोलू नका." आणि पदक परत खिळ्यावर.

हा नमुना त्यांना बायकोने दिला होता. नवीन खोली घेतली तेव्हा काका घरभर कुरकुरत फिरत होते की अस्सल पदकं ढीगभर बघायला मिळतात, एखादी धड वाईट नक्कल मिळत नाही. बायकोने माहेरून आणलेला बटणांचा डबा काढला. त्या डब्याचं झाकण इतकं घट्ट की तो उघडायला दरवेळी घरात भांडण व्हायचं. तळातून तिने हे पदक काढलं. "हे घ्या. मी लहानपणी बाहुलीचं ताट म्हणून वापरायचे." काका एक नजर टाकून इतके खूश झाले की त्यांनी त्या दिवशी स्वतःहून भाजी निवडली.

आता सासुरवाडीची गोष्ट सांगायला हवी, कारण काकांची दुखरी जागा तीच.

सासरेबुवा फौजेत आचारी होते आणि त्यांच्या छातीवर शौर्यपदक होतं. झालं होतं असं की पुढची चौकी बाकी पलटणीपासून तुटली, वाट गोळ्यांखाली, आणि वर सगळी माणसं उपाशी. आचारीबुवांनी भलंमोठं तांब्याचं पातेलं डोक्यावर घेतलं आणि निघाले. वर जेवण पोचवलं आणि येताना एका जखमीला पाठीवर आणि दुसऱ्याला जवळजवळ कानाला धरून खाली आणलं. ही गोष्ट ते प्रत्येक लग्नकार्यात सांगायचे, पण त्यांचा सगळा राग एकाच मुद्द्यावर असायचा. "पातेल्याला भोक पडलं हो! अर्धा रस्सा वाटेत गेला. गोळी मारायची तर माणसाला मारा ना, रश्श्याला काय मारता?" आता वय झालं होतं. उजवा गुडघा कामातून गेला होता, आणि त्या बाजूने सासूबाई त्यांना दंडाला धरून चालवायच्या. दोघांचे मिळून तीन पाय धड आहेत, असं ते स्वतःच सांगत फिरायचे.

लग्न ठरलं तेव्हाच बायकोने काकांना बजावलं होतं, "माझ्या माहेरी भिंग आणायचं नाही. बाबांच्या छातीकडे बघायचंसुद्धा नाही." काकांनी शब्द दिला, पण डोळ्यांचा काय भरवसा? म्हणून त्यांनी साधा उपाय काढला. सासुरवाडीच्या उंबऱ्यात आले की चष्मा काढून खिशात टाकायचा. एवढ्या वर्षांत त्यांनी त्या घरात दोनदा कपाटाला नमस्कार केला, एकदा धाकटी मेहुणी समजून पोस्टमनची विचारपूस केली, आणि सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, "जावई फार लाजाळू. आमच्या डोळ्याला डोळा देत नाहीत." पण सासऱ्यांच्या छातीवरचं पदक त्यांना कायम एक पिवळसर ठिपका म्हणूनच दिसलं, आणि काका सुखी होते.

हे सुख एके सकाळी जिना चढून आलेल्या बाईंनी संपवलं.

बाई संग्रहालयाच्या. पांढरे हातमोजे घालूनच आल्या होत्या, आणि धापा टाकायच्या थांबल्यावर म्हणाल्या, "काका, पलटणीचं नवीन दालन उघडतोय आम्ही, या रविवारी. पहिल्याच कपाटात एक शौर्यपदक ठेवायचंय. तुमचा दाखला हवा." त्यांनी डबी उघडून टेबलावर ठेवली. काकांनी कडेवरचं नाव वाचलं आणि डबी पटकन मिटली.

"अहो, हे तर माझ्या सासऱ्यांचं!"

"माहीत आहे. म्हणूनच तुमच्याकडे आले. तुम्ही सख्ख्या थोरल्या भावाचं पदक नक्कल ठरवलंत म्हणे?"

"ते पोहण्याचं होतं," काका पुटपुटले.

"कसलंही असो. तुम्ही सासऱ्यांच्या पदकाला अस्सल म्हणालात तर कोणी चकार शब्द काढणार नाही. आणि तुमच्या सासऱ्यांचा उत्साह तर विचारू नका. कोट इस्त्रीला टाकलाय, भाषण पाठ करतायत. पातेल्याचंच आहे सगळं भाषण." बाईंनी डबी ठेवली आणि जिना उतरून गेल्या.

काकांनी दार लावलं. जन्मात पहिल्यांदा त्यांना वाटलं, चष्मा काढावा आणि दाखला लिहून टाकावा. पण हात आपोआप तराजूकडे गेला. वजन कमी. असेल, तराजू जुना झालाय, असं म्हणून त्यांनी तराजूलाच दोन शिव्या घातल्या. मग कडा पाहिल्या. गोल, गुळगुळीत. फीत दिव्याखाली धरली तर ती अशी निळी पेटली की खोलीत दुसऱ्या दिव्याची गरज राहिली नाही. कडेवरचं नाव ठोकलेलं नव्हतं, कोणीतरी बसून सुईने कोरलं होतं आणि जागा पुरली नाही म्हणून शेवटचं अक्षर वर उडालं होतं. त्यांनी पदक उलटं करून दिवा आडवा धरला. मागची बाजू घासून सपाट केलेली होती, पण आडव्या उजेडात खालची जुनी अक्षरं पुसट पुसट वर आली. काकांनी भिंग लावलं. भिंग पुसलं. परत लावलं.

तिथे लिहिलं होतं, "तीन पायांची शर्यत. दुसरा क्रमांक."

त्या दिवशी काका दुपारीच घरी आले तेव्हा बायकोला वाटलं, कोणीतरी गेलं. काकांनी सगळं सांगितलं. ती सगळं ऐकून घेऊन शांतपणे म्हणाली, "मग लिहा अस्सल."

"अगं, तीन पायांची शर्यत आहे ती!"

"लढाईत काय काय करावं लागतं, तुम्हाला काय माहीत? तुम्ही कधी गेलात?"

"आणि दुसरा नंबर!"

"हे बघा," तिने लाटणं खाली ठेवलं, आणि ते ती मुद्दाम सावकाश ठेवते तेव्हा काका मागे सरकतात. "रविवारी बाबा कोट घालून तिथे उभे राहणार. तुम्ही नक्कल म्हणालात तर लोक पदकाला नाही नक्कल म्हणणार. बाबांना म्हणणार. पातेलं खोटं, गोळ्या खोट्या, पाठीवरून आणलेला माणूस खोटा. म्हाताऱ्याने उभ्या आयुष्यात केलेली एक मोठी गोष्ट तुम्ही एका शब्दात घालवणार. बोला!"

काकांनी लाटण्याकडे पाहिलं. त्यांना ते दिसतच होतं. पण दुसरीकडे त्यांच्याजवळ तरी काय होतं? ना बंगला, ना गाडी. जे होतं ते एवढंच की या माणसाने अस्सल म्हटलं म्हणजे अस्सल. तो शब्द एकदा मोडला की खाली उरणार ती घड्याळजीच्या डोक्यावरची भाड्याची खोली आणि बुटाची नाडी. त्यांनी तीनदा कागद घेतला, तीनदा "अस्सल"मधला "अ" काढला आणि तिथेच पेन अडकलं. बायकोने त्या दिवसापासून बोलणं बंद केलं. तिच्या वतीने भांडी बोलायला लागली.

शेवटी काकांनी ठरवलं की जाऊन विचारायचं. सासऱ्यांना विचारायची छाती नव्हती, म्हणून सासरे काठी टेकत कोपऱ्यापर्यंत फिरायला गेले तेव्हा सासूबाईंना गाठलं. उंबऱ्यात चष्मा काढायला हात गेला होता, पण या वेळी त्यांनी तो तसाच ठेवला. सासूबाईंना एकदम दोन डोळे आपल्याकडे बघताना दिसले आणि त्या दचकल्या.

"आई," काका म्हणाले, "बाबांचं पदक..."

एवढंच. पुढचा शब्द बाहेर यायच्या आत सासूबाई खुर्चीत बसल्या आणि पदराने तोंड झाकून घेतलं. "कळलं तुम्हाला! मला वाटलंच होतं एक दिवस कळणार. जावई पदकवाला मिळाला तेव्हाच मी हिला म्हटलं होतं, बँकेतला बघू या."

मग सगळं बाहेर आलं. ही गोष्ट काकांची बायको लहान असतानाची. मुलीच्या शाळेत सासऱ्यांचा सत्कार होता आणि पदक पडून पडून काळं पडलं होतं. आदल्या दिवशी दारात भांड्यांना कल्हई लावणारा बसलेला. फौजेतून घरी आलेलं ते मोठं पातेलं, दोन पराती, असं सगळं त्याच्यापुढे ठेवलं होतं. सासूबाईंनी पदरातून हळूच पदक काढलं आणि म्हणाल्या, "बाबा रे, हेही जरा उजळून दे." कल्हईवाला प्रामाणिक माणूस. त्याला उजळायचा एकच रस्ता माहीत. त्याने पदक विस्तवावर धरलं, कथील फासलं, कापसाने पुसलं आणि परातींच्या रांगेत ठेवून दिलं. पांढरंशुभ्र! नक्षी गेली, नाव गेलं, शौर्य गेलं, सगळ्यावर कल्हई.

"माझ्या तोंडचं पाणी पळालं हो. सरकारचं पदक! मला वाटलं आता ह्यांना तुरुंगात घालतात. धावत शाळांची बक्षिसं बनवणाऱ्याकडे गेले, त्याच्या पाया पडले. त्याच्याकडे कुठल्या तरी शाळेचं न नेलेलं एक पडलं होतं. त्याने पुढून ठसा मारून दिला, मागून घासून दिलं, कडेला सुईने नाव कोरलं, नवी फीत लावली. ह्यांना पत्ताही लागला नाही. पण तेव्हापासून मला नीट झोप नाही बघा. कोणी त्या पदकाकडे निरखून बघायला लागलं की मी मुद्दाम चहा सांडते."

काकांना आठवलं. या घरात त्यांच्या अंगावर बऱ्याचदा चहा सांडला होता.

"आणि ते खरं? ते पांढरं झालेलं?"

"टाकवेना. लपवलं. बटणांच्या डब्यात, अगदी तळाशी."

"कुठे आहे डबा?"

"कुठे म्हणजे? तुमच्याच घरी. लग्नात हिला दिला ना. झाकण उघडत नव्हतं, म्हटलं, बरंच आहे."

काका उभे राहिले. परत बसले. मग असे उठून पळत सुटले की चपला राहिल्या आणि सासूबाईंच्या हातून तिपाईवरचा चहा या वेळी चुकून सांडला.

घड्याळजीने नंतर सगळ्यांना सांगितलं की नक्कलकाका अनवाणी धावत जिना चढले आणि मग वरून बराच वेळ काही आवाज आला नाही. आवाज कसा येणार? काका खिळ्यापुढे उभे होते. याहून टुकार नक्कल जन्मात पाहिली नाही, हे वाक्य त्यांनी किती जणांना ऐकवलं असेल? आणि त्याच दमात, भिंग लावल्याशिवाय बोलू नका हेही! या एका पदकाला त्यांनी स्वतः कधीच भिंग लावलं नव्हतं. दिसताक्षणी नक्कल म्हटलं आणि आनंदाने भाजी निवडायला बसले.

त्यांनी ते खाली काढलं. या वेळी आपटलं नाही, दोन्ही हातांनी टेबलावर ठेवलं. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपणच इतकी वर्षं रोज ते कडेवर आपटत होतो, आणि रोज कोणाचा तरी अंगठा त्या कडेवरून फिरत होता. कथील मऊ असतं. कडेवरची कल्हई निघून गेली होती. तिथे जुनं काशाचं तपकिरी अंग उघडं पडलं होतं आणि त्याच्यावर ठोकलेली अक्षरं, ताठ, ओळीत, पलटणीच्या ठशाची. सासऱ्यांचं नाव. काकांनी ते भिंगातून वाचलं, भिंग काढून वाचलं, मग मोठ्याने वाचलं आणि रडायला लागले. हे रडणं अस्सल होतं, पण ते पारखायला तिथे कोणी नव्हतं.

शनिवारी सकाळी खोलीत अशी गर्दी झाली की जन्मात झाली नव्हती. काकांनी संग्रहालयाच्या बाईंना बोलावलं होतं. बायको बटणांचा डबा काखेत मारून आली होती. ती परत बोलायला लागली होती आणि राहिलेलं सगळं बोलून घेत होती. सासूबाई पहिल्यांदाच तो जिना चढून आल्या होत्या आणि काकांच्या बाहीला धरून एकच धोशा लावून बसल्या होत्या. "जावईबापू, ती कल्हई खरवडून काढा आणि गुपचूप बदलून टाका. ह्यांना कळता कामा नये."

"आई, खरवडलं तर नाव जाईल, नक्षी जाईल. तसं करत नसतात."

"मग तसंच दुसरं एक बनवून घ्या!"

"आई!"

तेवढ्यात जिन्यात काठीचा आवाज आला. एक पायरी, एक शिवी, एक पायरी, एक शिवी. दाखला अडकलाय अशी कुणकुण लागल्यामुळे सासरेबुवा स्वतः आले होते, इस्त्रीचा कोट घालून. सासूबाईंनी लगबगीने टेबलापुढे उभं राहून पदर पसरला. त्यांनी इकडेतिकडे चहा शोधला, पण काकांच्या खोलीत चहा नसतो.

"काय चाललंय?" सासरे म्हणाले. "सरक गं जरा."

टेबलावर दोन पदकं शेजारी शेजारी होती. एक पिवळं, एक पांढरं. सासऱ्यांनी पिवळ्याकडे पाहिलंही नाही. पांढरं उचललं, अंगठा कडेवरून फिरवत फिरवत त्या खाचेवर आणून थांबवला आणि मग काहीतरी शोधायला लागले. मुलीच्या काखेतला डबा दिसला, तो त्यांनी ओढून घेतला. खाच झाकणाखाली बरोबर बसवली आणि मनगट फिरवलं. टप्प! जे झाकण उघडायला घरात भांडणं व्हायची ते उडालं आणि बटणं खोलीभर पळाली.

"माझंच आहे," सासरे म्हणाले.

"ही खाच..." काकांनी भिंग उचललं.

"पदक मिळालं त्याच संध्याकाळी पडली. तेलाचा डबा उघडेना, चमचा सापडेना, आणि पन्नास माणसं ताटं घेऊन उभी. मग काय करू? छातीवरचं काढलं आणि उघडला." मग त्यांनी चोरट्या नजरेने बायकोकडे पाहिलं. "हिला नव्हतं सांगितलं. सरकारी वस्तूला खाच पाडली म्हणून मला फाडून खाल्लं असतं."

सासूबाईंनी पसरलेला पदर सोडला. "म्हणजे ते बदललेलं तुम्हाला..."

"पहिल्याच दिवशी कळलं. खाच कुठे होती त्याला?"

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? मला वाटलं, तुझ्याकडून हरवलं. तू इतक्या धडपडीने दुसरं आणलंस, दर कार्यक्रमाआधी फडक्याने घासून, फुंकर मारून माझ्या छातीवर लावतेस, हात थरथरत असतात तुझे. मी म्हटलं, जाऊ दे. हिने एवढ्या कष्टाने लपवलंय, आपण कशाला शोधा?" ते पांढऱ्या पदकाकडे बघून हसायला लागले. "पण कल्हई! अगं, कल्हई करून घेतलीस होय?"

सासूबाई आधी रडल्या, मग हसल्या, मग नवऱ्याला दंडावर एक चापट मारली. संग्रहालयाच्या बाईंचे डोळे असे लकाकले होते की काकांना भीती वाटली, या आत्ता नाचतात. आचाऱ्याचं शौर्यपदक, आचाऱ्याच्याच पातेल्याबरोबर कल्हई झालेलं! "तसंच हवंय मला, कल्हईसकट, खाचेसकट! आणि ते पातेलं आहे का अजून?"

"आहे की. पण भोक बुजवून घेतलंय," सासूबाई अपराधी आवाजात म्हणाल्या.

काकांनी कागद घेतला आणि या वेळी "अस्सल" हा शब्द एका दमात लिहिला. बाई पांढरं पदक डबीत घालून, डबी छातीशी धरून जिना उतरल्या. मग सासऱ्यांनी टेबलावरचं पिवळं पदक उचललं आणि कोटावर धरून बघायला लागले.

"बाबा, उद्या हे घालणार?" काकांच्या तोंडून निघून गेलं. "हे तर..."

बायकोने डोळे वटारले, पण सासऱ्यांनी ते पदक काकांच्याच पुढे धरलं. "बोला, जावईबापू. एवढी वर्षं चष्मा काढून बसलात माझ्यापुढे. मला काय कळत नाही होय? आज नीट बघून सांगा. ते सरकारनं दिलं होतं. हे हिनं दिलंय."

काकांनी भिंग लावलं. पहिल्या नजरेवर गेले नाहीत. वजन केलं, कडा पाहिल्या, फीत दिव्याखाली धरली. शेवटी झीज. खालची कड त्या एकाच सदऱ्याला घासून पातळ झाली होती. मधली नक्षी एकाच फडक्याने, एकाच बाजूने, गोल गोल पुसून गेली होती. कागदाने घासून असं होत नाही. काकांनी भिंग खाली घेतलं.

"पदक नक्कल आहे," ते म्हणाले. "झीज अस्सल आहे."

सासूबाईंनी घाबरून विचारलं, "म्हणजे चांगलं का वाईट?"

"चांगलं, आई."

"मग तसं सरळ बोलावं माणसाने," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी ते पदक घेऊन पदराने पुसलं, फुंकर मारली आणि नवऱ्याच्या कोटाला लावलं.

"मागे काहीतरी लिहिलंय म्हणत होती पोरगी," सासरे दाराकडे वळत म्हणाले.

"तीन पायांची शर्यत," काका म्हणाले. "दुसरा क्रमांक."

"दुसरा?" सासरे थांबले. त्यांनी काठी काकांच्या हातात दिली आणि बायकोचा दंड धरला. "मग पहिलं कोण आलं गं?"

"असेल कोणीतरी मेलं," सासूबाई म्हणाल्या, "आपल्याला काय करायचंय. खाली बघा, पायरी आहे."

आणि तो उभा जिना दोघं एकमेकांना धरून, एक पाय आपटत, एक पाय ओढत, सावकाश उतरून गेले.